व्याज भरणारीला व्याज मिळवणंही शिकू द्या

‘बायकांना पैशातलं काय कळतं?’ असं सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या आडत बाजारात म्हणणाऱ्याने तुरीच्या एका हंगामाचा हिशेब घरातल्या बाईला तोंडी विचारावा. कापणीला किती मजूर लागले, मळणीला काय गेलं, उसने कोणाकडून आणले, शेकडा तीनने घेतलेल्या पैशाचं महिन्याचं व्याज किती झालं, हे ती न अडखळता सांगेल. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. एवढ्या महाग पैशाचं ओझं जी वाहते, तिला व्याज कळत नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? व्याज भरणं तिला पुरतं ठाऊक आहे. ते मिळवायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या बायकांना हाच आक्षेप रिझर्व्ह बँकेकडून ऐकावा लागला होता. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्यासोबत त्या स्वतःची सहकारी बँक काढायला निघाल्या, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर आहेत म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा गेल्या. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, असं त्यांनी ठणकावलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

दुसरा आक्षेप जास्त सभ्य, म्हणून जास्त घातक. ‘घर एक, मग पैसा वेगळा कशाला?’ घर एकच असेल, तर सातबारा, आडत्याची पट्टी, ठेवीची पावती हे सगळे कागद बहुतेक घरांत एकाच माणसाच्या नावावर का? तो माणूस अचानक गेला की विमा कुठला, ठेव कुठल्या शाखेत, कोणाला किती उसने दिले, हे बायकोला परक्यांकडून कळतं. नॉमिनीत नाव आहे एवढ्यावर ती निर्धास्त असते. बँकेतल्या ठेवीत कायद्याने नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची असते, हे तिला सांगितलेलंच नसतं. दुधनीहून सोलापूरला जाताना वाटेवर कुंभारी लागतं. तिथे विडी कामगार महिलांनी स्वतःच्या कमाईतला वाटा घालून दहा हजार घरांची वसाहत उभी केली, २००६ मध्ये ती घरं त्यांच्या हाती आली. मालकीच्या कागदावर बाईचं नाव आलं म्हणून संसार मोडत नाही. उलट तिला घराबाहेर काढणं अवघड होतं.

‘सोनं घेतात की बायका!’ घ्यावं. अडीनडीला तेच धावून येतं आणि भावही वाढलेत. पण दागिना मोडताना घडणावळ बुडते, घट धरली जाते. आणि तारण ठेवायचा निर्णय कोणाचा असतो? जिचं सोनं तिलाच विचारलं जात नसेल, तर ती तिची गुंतवणूक कशी?

राहिली फसवणुकीची भीती. ती खरी आहे, म्हणूनच शिकायचं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पाटी दोन्हीकडे सारखीच चकचकीत असते. हा एक फरक कळला तरी जास्त व्याजाच्या आमिषाला बळी पडण्याआधी बाई दोन प्रश्न विचारील.

२०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये पात्र महिलांच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. खातं तिचं, पण एटीएम कार्ड दुसऱ्याच्या खिशात, अशी घरं आहेत. ज्यांना गरज भागवून ते पैसे बाजूला ठेवता येतात, त्यांनी हा हिशेब बघावा: पोस्टाच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्क्यांनी पाच वर्षं भरले तर ९० हजारांचे साधारण १ लाख ७ हजार होतात. सतरा हजारांत कोणी श्रीमंत होत नाही, पण आयुष्यात पहिल्यांदाच व्याज तिच्याकडे चालत येतं.

हे शिकायचं कुठे? बचत गटाच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की सगळ्या उठतात. तिथेच अर्धा तास एकीचं पासबुक उघडून सगळ्यांनी वाचावं: जमा कोणती, कपात कसली, व्याज कधी चढलं. दुधनी कर्नाटक सीमेवरचं गाव, कित्येक घरांत कन्नड बोलली जाते. बँकेच्या फॉर्मवरची मराठी आणि इंग्रजी दोन्ही त्या बायकांना परकी. तेव्हा समजावून सांगणारी बाई कन्नड बोलणारी हवी, आणि विचारायला आलेल्या बाईला ताटकळत न ठेवता उत्तर देणं हे शाखेने आपलं काम मानायला हवं.