कर्जाचा दलाल नेमका कोणाचा माणूस?

घर किंवा गाळा गहाण ठेवून कर्ज काढायचे असेल तर सरळ बँकेत जावे की एजंटामार्फत जावे, हा प्रश्न आपल्या व्यापारी बंधूंमध्ये फार विचारला जातो. भिवंडीच्या बाजारात आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ कापडाचा धंदा करीत आहोत. आमच्या पेढीवर चहा पिताना यंत्रमागवाले, जरीकाम करणारे कारागीर, छोटे दुकानदार हाच विषय काढतात. कोणाला साधे माग काढून रॅपियर बसवायचे असतात, कोणाचे सुताचे पैसे थकलेले असतात, कोणाला भाड्याचा गाळा विकत घ्यायचा असतो. बहुतेकांच्या खिशात एखाद्या एजंटाचे कार्ड असतेच. "फाईल द्या, पंधरा दिवसांत पास करून देतो," असे त्याने सांगितलेले असते. या बाबतीत आम्ही जे पाहिले आणि स्वतः भोगले, त्यावरून चार शब्द लिहीत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. व्याजाबद्दल शरीअतचा हुकूम वाचकांना ठाऊक आहे. आम्ही आलिम नाही आणि फतवा देण्याचा आम्हाला हक्क नाही. ज्याला नातलगांकडून कर्ज-ए-हसना मिळत असेल किंवा भागीदारीत पैसा उभा करता येत असेल, त्याने बँकेची पायरी चढू नये हेच उत्तम. शंका असेल तर आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावे. परंतु आपल्यातले अनेक लोक आज कर्ज घेत आहेत ही वस्तुस्थिती आहे, आणि डोळे झाकून घेतलेल्या कर्जात राहते घर जाते हीही वस्तुस्थिती आहे. आमचे लिहिणे त्या दुसऱ्या गोष्टीपुरते आहे.

दलाल हा शब्द आम्हा कापडवाल्यांना वाईट वाटत नाही. दलालाशिवाय आपला बाजार चालत नाही. सहीह बुखारीत दलालीच्या मोबदल्यावर वेगळा बाब आहे, आणि ठरवून, उघडपणे घेतलेली दलाली जायज मानली गेली आहे. पण आपल्या कापडाच्या दलालाचे दोन गुण आहेत. पहिला हा की, त्याची दलाली किती आणि ती कोण देणार, हे सौद्याच्या वेळीच दोन्ही बाजूंना ठाऊक असते. दुसरा हा की, माल गेला म्हणून तो सुटत नाही. पार्टीने पैसे अडकवले तर आपण आधी त्यालाच धरतो, आणि त्याला उद्या याच बाजारात तोंड दाखवायचे असल्यामुळे तो वसुलीसाठी आपल्याबरोबर फिरतो.

कर्जाच्या एजंटाला याच दोन कसोट्या लावून पाहा. बँका आणि फायनान्स कंपन्या ज्यांना डीएसए म्हणतात, त्या एजंटांना कर्ज देणारी संस्था मंजूर रकमेवर कमिशन देते. म्हणजे कर्ज जितके मोठे, तितकी त्याची कमाई मोठी. जी कंपनी जास्त कमिशन देईल तिच्याकडे तुमची फाईल नेण्यात त्याचा फायदा आहे. ती कंपनी तुमच्याकडून व्याज जास्त घेते की कमी, याच्याशी त्याचे देणेघेणे नाही. वरून कित्येक एजंट आपल्याकडूनही एक-दोन टक्के वसूल करतात. आणि दुसरी कसोटी? रक्कम खात्यात जमा झाली की त्याचे काम संपले. तुमचे घर मात्र पुढची दहा वर्षे गहाण आहे. हप्ते थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दाव्याशिवाय, तारण ताब्यात घेण्याची कारवाई करू शकते. त्या दिवशी एजंट तुमच्याबरोबर उभा राहत नाही.

आपले लोक दलालीवर घासाघीस करतात आणि व्याजाचा दर तसाच मान्य करतात. हिशेब करून पाहू. २० लाखांचे कर्ज, मुदत १० वर्षे. १० टक्के दराने महिन्याचा हप्ता सुमारे २६,४३० रुपये येतो. १२ टक्के दराने तो सुमारे २८,६९४ रुपये होतो. फरक महिन्याला २,२६४ रुपये, आणि १२० हप्त्यांत सुमारे २ लाख ७१ हजार रुपये. एजंटाने दीड टक्का मागितला तर ते ३० हजार होतात आणि आपल्याला सलतात. पण त्याच्या सोयीच्या कंपनीत गेल्यामुळे लागलेले पावणेतीन लाख आपण मुकाट्याने भरतो.

मग लोक एजंटाकडे का जातात? मूर्ख म्हणून नव्हे. बँकेत मान मिळत नाही, हे पहिले कारण. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे की, काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग कर्ज देण्यास नकारात्मक विभाग म्हणून ठरवले होते. पत्ता वाचून अर्ज बाजूला ठेवल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. दुसरे कारण भाषेचे. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. इंग्रजीतला वीस पानी अर्ज समोर आला की आजही आमचे पेन अडते. तिसरे कारण मात्र आपल्याच घरात आहे, आणि ते म्हणजे आपले अपुरे कागद. या तिसऱ्या कारणावरून आम्ही कसे फसता फसता वाचलो ते सांगतो.

२०१४ साली आम्हाला गोदाम घ्यायचे होते. तारण म्हणून वडिलांचे घर होते. वडिलांचा इंतेकाल होऊन अकरा वर्षे झाली होती, तरी कागदावर नाव त्यांचेच होते. बँकेच्या साहेबांनी सांगितले, वारसांची नोंद करा, सर्वांच्या सह्या आणा, मग बोलू. आम्हाला राग आला. आम्ही एका एजंटाकडे गेलो. त्याने दोन टक्के सांगितले, सहा कोरे चेक सही करून मागितले आणि म्हणाला, "बहिणींच्या सह्यांचे आम्ही बघून घेऊ, तुम्ही काळजी करू नका." वाचकहो, खोटे कशाला सांगू, आम्ही चेक देऊन आलो होतो.

रात्री जेवताना ही गोष्ट अम्मींच्या कानावर गेली. त्यांनी एवढेच विचारले, "बेटा, बहिणींचा हिस्सा गहाण ठेवतोस, त्यांना विचारलेस का?" आम्ही गप्प बसलो. मग हिशेब केला. शरीअतप्रमाणे अम्मींचा आठवा हिस्सा. उरलेल्यात आम्ही एक भाऊ आणि दोन बहिणी, म्हणजे अर्धा आमचा आणि अर्धा त्या दोघींचा. ज्या घराला आम्ही अकरा वर्षे आपले म्हणत होतो, त्यातले निम्म्याहून अधिक आमचे नव्हतेच. ते परक्याच्या हाताने खोटी सही करून आम्ही गहाण ठेवायला निघालो होतो. अशी सही कोणीही केली तरी कर्जदार म्हणून गुन्हा आपल्या नावावर येतो, आणि आखिरतचा हिशेब वेगळाच.

दुसऱ्या दिवशी जाऊन चेक परत घेतले. एक चेक त्याने "हरवला" म्हणून सांगितले. तो बँकेत लेखी देऊन थांबवावा लागला. वारस नोंद झाली. मोठ्या बहिणीने हिश्शाचे पैसे मागितले, ते ठरवून दोन वर्षांत हप्त्याने दिले. धाकटीने आणि अम्मींनी आपल्या खुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र केले. या सर्वांत आठ महिने गेले आणि हातचे गोदामही गेले. पण त्यानंतर ज्या बँकेत आमचे चालू खाते होते तिथूनच कर्ज मिळाले, एजंटाने सांगितलेल्या दरापेक्षा कमी दराने. बँकेचे साहेब आमचे दुश्मन नव्हते. त्यांनी जो कागद मागितला, तो आम्ही अकरा वर्षांपूर्वीच करायला हवा होता.

म्हणून आमचे मत असे की, पहिली पायरी नेहमी आपल्या खात्याच्या बँकेची असावी. तिथे तुमची उलाढाल दिसते, ही तुमची सर्वांत मोठी शिफारस आहे. जाण्यापूर्वी आपला सिबिल अहवाल काढून पाहावा. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. अर्ज द्यावा तो लेखी, आणि पोच घ्यावी. नकार मिळाला तर कारण लेखी मागावे. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सर्व प्रकारच्या कर्जांसाठी बँकांना तसे सांगितले आहे. तोंडी नकार ऐकून घरी येणारा माणूस थेट एजंटाकडे जातो. लेखी नकार घेतलेल्या माणसाला नेमके काय दुरुस्त करायचे ते कळते. बँकेकडे केलेल्या तक्रारीची ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्याला फी नाही.

लहान कारागिरांनी तर घर गहाण ठेवण्याआधी दहा वेळा विचार करावा. सूक्ष्म व लघु उद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकांनी तारण मागू नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये दिला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून 'तरुण' गटातले कर्ज घेऊन फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत, तारणाशिवाय कर्जाची तरतूद आहे. मुद्रासाठी कोणताही एजंट नेमलेला नाही. मुद्राच्या नावाने जो पैसे मागेल तो लबाड समजावा.

एजंट कधीच घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. दोन बँकांनी लेखी नकार दिला, व्यवहार मुदतीचा आहे, किंवा कागद नीट असूनही फाईल बांधणारा कोणी नाही, तेव्हा जाणता एजंट उपयोगी पडतो. आमच्या एका शेजाऱ्याचे काम अशाच एका प्रामाणिक माणसाने केले आणि ठरल्यापेक्षा पैसाही जास्त घेतला नाही. पण त्याला कापडाच्या दलालासारखे बांधून घ्यावे. कंपनी तुला किती देते, माझ्याकडून किती घेणार, हे आधी विचारावे. पैसे कर्ज मिळाल्यानंतर द्यावेत, आगाऊ देऊ नयेत. कोरा चेक किंवा कोऱ्या कागदावर सही देऊ नये. मूळ दस्तऐवज त्याच्या हाती न देता बँकेत स्वतः जमा करून पावती घ्यावी. फाईल कोणत्या बँकेत नेणार ते त्याने सांगितलेच पाहिजे, कारण एकाच वेळी पाच ठिकाणी फाईल टाकली की पाचही चौकशा सिबिलमध्ये नोंदल्या जातात आणि पत खाली येते. उत्पन्न वाढवून दाखवतो म्हणणाऱ्याला दारातूनच सलाम करावा. त्या खोट्या उत्पन्नावर ठरलेला हप्ता आपल्या खऱ्या उत्पन्नातूनच भरायचा असतो.

थेट जा किंवा एजंटामार्फत, सही करण्यापूर्वी मुख्य माहितीपत्रक मागावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. त्यात व्याज, फी आणि विमा धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात ते एका आकड्यात लिहिलेले असते. दोन ठिकाणची पत्रके शेजारी ठेवली की कोण स्वस्त ते एजंटाला विचारावे लागत नाही. आणि कर्ज फिटले की मूळ कागद परत आणण्याचे विसरू नये. डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे ते ३० दिवसांत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

कुरआनची सर्वांत लांब आयत सूरह बकरहमध्ये आहे, आणि ती कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. तिच्यात साक्षीदारांचा, लिहिणाऱ्याच्या इन्साफाचा उल्लेख आहे. ज्या उम्मतला हा हुकूम मिळाला, तिच्यातले लोक कोऱ्या कागदावर सही करून येतात याचे दुःख वाटते. आमची जमातींना आणि व्यापारी संघटनांना विनंती आहे की, आठवड्यातून एक संध्याकाळ एखादा शिकलेला तरुण मशिदीच्या दफ्तरात बसवावा. त्याने अर्ज भरून द्यावेत, माहितीपत्रक वाचून दाखवावे, वारस नोंदीचा रस्ता सांगावा. एजंटाकडे जाणाऱ्या निम्म्या लोकांना एवढीच मदत हवी असते.

आणि ज्यांची घरे आजही मरहूम वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहेत, त्यांनी कर्जाची गरज पडण्याची वाट पाहू नये. बहिणींना बोलवावे, हिस्से करावेत, नोंद करून घ्यावी. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि कोणाच्या डोक्यावरचे छप्पर न जावो. आमीन.