टेस्ट पायलटचं 'नाही' ऐकायची आपली तयारी आहे का?

ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला अंतराळात झेपावले, १५ जुलैला परतले. राकेश शर्मांनंतर तब्बल ४१ वर्षांनी. अभिमान वाटलाच पाहिजे. पण त्या जल्लोषात हा माणूस स्वतः काय सांगत होता, तिकडे कितींचं लक्ष होतं?

यानातून बोलताना त्यांनी सरळ सांगितलं की सुरुवातीला फारसं बरं वाटत नव्हतं, लहान बाळासारखं चालायला आणि खायला शिकतोय. परत आल्यावर सांगितलं की तरंगेल या सवयीने लॅपटॉप हातातून सोडला आणि तो पडला.

लोकांना यात गंमत दिसली. मला त्यात त्यांचा पेशा दिसतो. टेस्ट पायलटचं काम म्हणजे विमान त्याच्या मर्यादेपर्यंत नेऊन बघायचं आणि खाली उतरल्यावर जे घडलं ते जसंच्या तसं सांगायचं. साहेबांना आवडो न आवडो. इथे तर तपासायचं यंत्र त्यांचं स्वतःचं शरीरच होतं!

राकेश शर्माही टेस्ट पायलटच. अंतराळातून आल्यावर काही वर्षांनी ते आपल्या नाशिकच्या एचएएलमध्ये मुख्य चाचणी वैमानिक होते. आपल्याला मात्र त्यांचं इंदिराजींना दिलेलं एक उत्तर तेवढं पाठ आहे.

आता मुद्द्याचं. शुक्लांचं उड्डाण अनेकदा पुढे ढकललं गेलं. ११ जूनचा मुहूर्त टळला, कारण फाल्कन-९ रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. इस्रोच्या पथकाने स्पेसएक्स आणि ॲक्सिअमच्या तज्ज्ञांशी चर्चा केली आणि ठरलं, की आधी गळती काढायची, पुन्हा चाचणी घ्यायची, मगच उड्डाण. आपल्याकडे सूर काय होता? 'परत लांबलं!' अरे, लांबलं म्हणून तर निर्धास्त राहता आलं.

उलट उदाहरणही आहे. २८ जानेवारी १९८६ च्या आदल्या रात्री चॅलेंजरचे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते, एवढ्या थंडीत रबरी सील दगा देतील. वरच्यांनी ऐकलं नाही. सात जीव गेले.

गगनयानसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत. २०१८ मध्ये लाल किल्ल्यावरून २०२२ ची मुदत जाहीर झाली होती, ती केव्हाच उलटली. पैसा जनतेचा आहे, तेव्हा उशिराचा जाब जरूर विचारा. पण 'कधी उडणार?' याआधी 'कोणती चाचणी बाकी आहे?' हे विचारा. आणि सरकार कुठलंही असो, पुढची तारीख भाषणातून ठरू नये, चाचण्यांच्या अहवालातून ठरावी.

यान परत आल्यावर हार घालायला सगळेच पुढे असतात. या चौघांपैकी कुणी उद्या म्हणालं, 'थांबा, अजून तयार नाही', तर त्याच्या बाजूने आपण उभे राहणार का?