घाट एका रविवारपुरता नको

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि त्याच वाटेने उतरायचे. अंतर २१ किलोमीटर. उतार सोपा दिसतो, पण गुडघ्यांची परीक्षा तिथेच होते.

ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली, स्टीपलचेस २००८ साली. आठच वर्षांनी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. कमी होती ती संधी, ताकद नव्हे.

सातारा-सांगलीच्या बायका आज हा घाट धावतात. पण वर्षातून एकदा, बंदोबस्तात. एरवी पहाटे एकटी मुलगी सरावाला निघाली, की घरातूनच विचारणा होते, "सोबत कोण?" मुलाला कोणी विचारत नाही. हा घाट आधी उतरायला हवा.