कारखान्याला तांदळाची हमी, गरिबाला कशाची?

राजुऱ्याच्या रेशन दुकानात प्राधान्य कुटुंबातील माणसामागे महिन्याला 5 किलो धान्य मिळते. तेवढ्याच तांदळापासून कारखान्यात दोन-सव्वादोन लिटर इथेनॉल निघते. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळून देश स्वावलंबी झाला, असे सत्ताधारी सांगतात. या स्वावलंबनाचे बिल कोण भरतो, हा आमचा सवाल आहे.

इथेनॉल कारखाना चालायचा तर कच्चा माल वर्षभर अखंड मिळाला पाहिजे. कोणत्याही धंद्यात ही जोखीम मालकाची असते. येथे ती सरकारने आपल्या डोक्यावर घेतली आहे. धान्यापासून इथेनॉल काढणाऱ्यांच्या कर्जाचे व्याज काही अंशी सरकार भरेल, असा निर्णय 2021 मध्ये झाला. तयार माल सरकारी तेल कंपन्या ठरलेल्या दराने घेतात. आणि 2024-25 साठी भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतून 52 लाख टन तांदूळ क्विंटलला 2250 रुपये दराने देऊ केला गेला. खरेदी, भरडाई, वाहतूक, साठवण धरून हाच तांदूळ सरकारला चार हजारांच्या आसपास पडतो. सगळा उचलला गेला, तर फरकाची रक्कम नऊ हजार कोटींच्या घरात जाते. हा पैसा जनतेचा आहे.

गोदामे तुडुंब आहेत, तांदूळ सडण्यापेक्षा कामी आलेला बरा, असे उत्तर मिळते. पण तो उरतो का? अन्न सुरक्षा कायद्याचे लाभार्थी आजही 2011 च्या जनगणनेवर मोजले जातात. 2021 ची जनगणना झालीच नाही. घरात सून आली, लेकरू जन्मले, तरी "इष्टांक संपला" हे उत्तर ठरलेले. 52 लाख टन तांदळात साडेआठ कोटी माणसांचे वर्षभराचे रेशन भागते. ज्यांची नावे यादीत नाहीत, त्यांच्या वाट्याचे धान्य 'शिल्लक' ठरते! 2023 च्या जूनमध्ये कर्नाटक सरकार गरिबांसाठी रोख पैसे मोजून तांदूळ मागत होते. त्याला नकार मिळाला. त्या वेळी इथेनॉलवाल्यांना मात्र 20 रुपये किलोने तांदूळ चालू होता.

दुसरा फटका शेतकऱ्याला. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे धान, तर राजुऱ्याकडे कापूस आणि सोयाबीन. मका-तांदळाचे इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबड्यांचे स्वस्त खाद्य म्हणून बाजारात आला आणि सोयाबीन पेंडीची मागणी घटली. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये असताना विदर्भाच्या बाजारांत भाव त्याच्या बराच खाली राहिला. आयात तेलासह इतर कारणेही आहेत, पण हे एक कारण आहेच.

बाबासाहेबांनी 1947 मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग करण्याची मागणी केली. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको, यासाठी त्यांना राज्याची ताकद हवी होती. आज ती ताकद कारखानदाराच्या पाठीशी उभी आहे.

इथेनॉलला आमचा विरोध नाही. पण आधी आजच्या लोकसंख्येप्रमाणे इष्टांक वाढवा, सोयाबीन हमीभावाने खरेदी करा. त्यानंतर तांदूळ उरला, तर तो कारखान्याला पूर्ण खर्चाच्या दराने विका. राजुऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक ग्रामसभेत हा हिशेब मांडणे, हे चळवळीच्या कार्यकर्त्याचे काम आहे. आधी माणसाचे पोट, मग मोटारीची टाकी!