सायकल, विमा आणि वर्गणी

परवा हापिसातून सायकलवर घरी येताना एक आजोबा न बघताच फुटपाथवरून रस्त्यावर उतरले. मी करकचून ब्रेक दाबले, तरी हँडल त्यांना लागलंच. आजोबा खाली, मी त्यांच्या शेजारी. उठले, कोट झटकला आणि वर मलाच 'सॉरी' म्हणून निघून गेले. (इंग्रज माणूस, दुसरं काय म्हणणार!) मी मात्र पाच मिनिटं तिथेच उभा. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं असतं तर?

आपण पुण्यात वाढलेले. डबलसीट जाताना मामा पकडेल, यापलीकडे सायकलवर बसून कायद्याची भीती कधी वाटली नाही. इथे ब्रिटनमध्येही गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, सायकलला नाही. सक्ती नाही म्हणजे गरज नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

पण लंडन ब्रिजजवळचा २०१५ चा अपघात बघा. मोबाईलमध्ये बघत रस्ता ओलांडणारी एक बाई आणि एक सायकलवाला यांची टक्कर झाली. २०१९ साली कोर्टाने दोघांनाही निम्मं निम्मं जबाबदार धरलं. नुकसानभरपाई चार हजार पौंडांच्या थोडी वर, पण समोरच्या वकिलांच्या खर्चाची मागणी त्याच्या कितीतरी पट. सायकलवाल्याकडे विमा नव्हता, सुरुवातीला वकीलही नव्हता. त्यामुळे आपणही उलट दावा लावायला हवा, हे त्याला कळलंच नाही. विम्याचा खरा उपयोग इथे आहे. पैशाइतकाच, आपल्या बाजूने बोलायला कोणी असण्याचा.

झालं, शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि सवयीप्रमाणे तक्ता केला. तीन नावं. सायकलिंग यूके, म्हणजे १८७८ साली स्थापन झालेला जुना सायकलिस्ट्स टूरिंग क्लब. ब्रिटिश सायकलिंग, म्हणजे शर्यतींची राष्ट्रीय संघटना. आणि लंडन सायकलिंग कँपेन, १९७८ पासून फक्त लंडनसाठी भांडणारी. थर्ड पार्टी विमा तिघांकडेही मिळतो (शर्यतवाल्यांकडे सदस्यत्वाचे बरेच प्रकार आहेत, आपल्या प्रकारात काय बसतं ते वाचून घ्या). सायकलिंग यूकेचा एक कोटी पौंडांपर्यंत. सायकल चोरीला गेली तर मात्र यातून छदामही मिळत नाही, तो विमा वेगळा.

तक्ता करून लक्षात आलं की विम्याच्या रकान्यात निवड करण्यासारखं फारसं काही नाहीच. शिवाय घराच्या विम्यात बऱ्याचदा 'व्यक्तिगत दायित्व' नावाचं कलम असतं आणि सायकलवरून कोणाला धडकलात तर तेही लागू पडू शकतं. ते आधी तपासा. कदाचित तुमच्याकडे विमा आहेच!

मग वर्गणी कशाला भरायची? माझं म्हणणं असं, की दुसऱ्या रकान्यासाठी. २००६ साली टेलफर्डमध्ये एका सायकलवाल्याला दंड झाला. गुन्हा काय, तर पलीकडची सायकलवाट सोडून तो रस्त्यावरून जात होता आणि मागच्या गाड्यांचा खोळंबा झाला. जानेवारी २००७ मध्ये तो अपिलात सुटला, आणि त्याच्या पाठीशी टूरिंग क्लबने उभा केलेला सायकलिस्ट्स डिफेन्स फंड होता. त्याच सुमारास हायवे कोडच्या नव्या मसुद्यातल्या सायकलवाटांबद्दलच्या शब्दांवरून क्लबने मोठी मोहीम चालवली. सायकलवाट वापरणं बंधनकारक नाही, असं आज कोडमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. हा कुणा एकट्यादुकट्याचा उद्योग नव्हे. मसुदा वाचत बसणारी माणसं लागतात आणि त्यांचा पगार वर्गणीतून निघतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर विमा म्हणजे बॅकअप. सिस्टिम कोसळल्यावर कामाला येतो. पण बग तसाच ठेवून नुसते बॅकअप घेत बसणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

मी शेवटी लंडनवाल्यांकडे पैसे भरले. कारण साधं आहे. लंडनमधल्या सुमारे ९५ टक्के रस्त्यांचा कारभार बरो काउन्सिलांच्या हाती आहे. आमच्या कोपऱ्यावरचा चौक कसा असावा हे संसदेत ठरत नाही, आमच्या काउन्सिलात ठरतं. आणि या संघटनेचे बरोवार स्थानिक गट आहेत. लंडनबाहेर राहत असाल, मोठ्या सहलींना जात असाल, तर मी सायकलिंग यूके म्हणेन. शर्यती खेळत असाल तर प्रश्नच मिटला.

'आपण बाहेरून आलेले, यांच्या राजकारणात कशाला पडा' असं एक मित्र म्हणाला. पण काउन्सिल टॅक्स भरतोच ना आपण? आणि त्या चौकातून रोज दोनदा मीच जातो.

ते आजोबाही जातात. चौक नीट झाला तर त्यांना परत 'सॉरी' म्हणावं लागणार नाही, आणि माझ्या विम्याला हातही लावावा लागणार नाही. वर्गणी त्यासाठी.