पायऱ्या, पोटऱ्या आणि प्राणवायूची उधारी

दिवसभर दुकानाची गादी, जाण्यायेण्यास स्कूटर आणि सायंकाळी हिशेब मिटवून घर, अशी ज्याची दिनचर्या आहे तो नांदगाव पेठेतील गृहस्थ मुक्तागिरीच्या यात्रेस जातो, तेव्हा त्याच्या पायांची खरी परीक्षा तेथील पायऱ्यांवर होते. परतवाड्याहून जवळ, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत असलेल्या या सिद्धक्षेत्री ५२ मंदिरे आहेत. आरंभीचा उत्साह ओसरला की मांड्यांत व पोटऱ्यांत आग पेटते आणि पाय शिशाचे होतात. घरातील तरुणांना हाच अनुभव जिममधील सायकलवर येतो. ते त्यास कार्डिओ म्हणतात. प्रश्न दोघांचाही एकच. ही आग सोसावी, की थांबावे?

या दाहाचे कारण व्यापारी माणसास चटकन उमगेल असे आहे. स्नायूंना शक्ती हवी असते आणि ती निर्माण करण्यास प्राणवायू लागतो. चढण तीव्र झाली की मागणी पुरवठ्यापुढे जाते. अशा वेळी स्नायू साखरेचे घाईने विघटन करून तात्पुरती सोय करतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात या व्यवहारास ‘प्राणवायूचे ऋण’ असेच नाव दिले. व्यायाम थांबल्यावरही काही वेळ धाप लागते, ती या ऋणाची फेड. (पुढील संशोधनाने हा हिशेब हिल यांना वाटला तितका सरळ नसल्याचे दाखविले, तरी नाव टिकले.) हिल आणि जर्मनीचे ओटो मायरहोफ यांना स्नायूंवरील कार्याबद्दल १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हापासून सारा दोष लॅक्टिक आम्लावर टाकण्याची रीत पडली, ती आजही सुटलेली नाही. वस्तुतः घाईच्या व्यवहारात तयार होणारे लॅक्टेट हे टाकाऊ द्रव्य नव्हे. हृदय ते इंधन म्हणून वापरते, यकृत त्याची पुन्हा साखर करते. दाह होतो तो स्नायूंतील आम्लता वाढल्याने व इतर द्रव्ये साचल्याने, आणि वेग कमी करताच काही मिनिटांत ओसरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय जे ठणकतात, ते दुखणे निराळे. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा झाल्याने ते उद्भवते आणि चढण्यापेक्षा उतरण्याने अधिक होते. म्हणून उतरताना धावत सुटू नये.

आग पेटली की एकदम खाली बसणेही बरे नव्हे. वेग निम्म्यावर आणावा, पावले लहान टाकावीत, श्वास सावकाश सोडावा. चालू पाय रक्त फिरते ठेवतात आणि साचलेले लवकर निघून जाते. योग्य वेग कोणता, हे ओळखण्यास यंत्र नको. चढताना णमोकार मंत्राचे एकेक पद न तुटता म्हणता यावे. शब्द अर्ध्यावर तुटू लागले तर उधारी वाढते आहे असे समजावे.

तयारी यात्रेच्या आदल्या आठवड्यात होत नाही. सहा ते आठ आठवडे आधीपासून, आठवड्यातून चार दिवस, प्रथम दहा मिनिटे संथ चालावे. मग एक मिनिट झपाट्याने व दोन मिनिटे सावकाश, असे आलटून पालटून करावे. घरचा जिना यास उत्तम. जुन्या आखाड्यांत बैठकांची संख्या हळूहळूच वाढवीत. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अमरावतीत हे सांगावे लागावे, हे जरा नवलच!

आपल्या समाजात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शिखरजीची वंदना सुमारे २७ किलोमीटरची. मधुबनातून पुष्कळ यात्रेकरू पहाटेच्या अंधारातच निघतात. चौविहार पाळणाऱ्याच्या पोटात आदल्या सूर्यास्तापासून पाणी गेलेले नसते. नवकारशी असेल तर सूर्योदयानंतरही ४८ मिनिटे नाही. शरीर कोरडे असता हृदयावर ताण वाढतो आणि थकवा लवकर येतो. त्यामुळे आदल्या दिवशी दुपारपासूनच थोडेथोडे पाणी पुरेसे घ्यावे व चढणीचा पहिला तास मुद्दाम संथ ठेवावा. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांनी उपवासासह चढण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सारीच आग निरुपद्रवी नसते. सपाट रस्त्यावर ठरावीक अंतर चालताच पोटरी आवळून येणे आणि उभे राहताच थांबणे, असे वारंवार होत असेल, विशेषतः मधुमेही वा तंबाखू घेणाऱ्यास, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासाव्यात. एकच पोटरी सुजून गरम लागणे, अतिश्रमानंतर लघवी चहासारखी काळपट होणे, चढताना छातीत दाब येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीत दाब आल्यास तर क्षणाचाही विलंब नको. शिखरजीला डोली मिळते. ज्यांचे गुडघे किंवा हृदय साथ देत नाही, त्यांनी ती आदल्या सायंकाळीच ठरवून ठेवावी.