"बदलून बघू" म्हणण्याआधी

रिमॅप केलेली टर्बो पेट्रोल गाडी 'ओढत नाही' म्हणून गॅरेजला आली की तिच्याभोवती जमणारी गर्दी पाहिली आहे का कधी? एक म्हणतो टर्बो गेला. दुसरा म्हणतो फ्युएल पंप. तिसरा रात्रभर व्हिडिओ बघून आलेला असतो, तो ट्यूनरलाच शिव्या घालतो. मग सर्वानुमते ठराव पास होतो, "बदलून बघू!" माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य बोलणाऱ्याने निदान त्या दिवसापुरतं स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेऊ नये. पैसे गाडीमालकाचे जातात, आणि खरा दोष तसाच राहिला तर पिस्टनही जातो.

ट्यून केलेल्या गाडीचं दुखणं वेगळं असतं. कंपनी इंजिन बनवताना थोडी मार्जिन ठेवते, आपण रिमॅपमध्ये तीच खर्च करतो. बूस्ट वाढला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून स्टॉक गाडीत निमूटपणे नोकरी करणारा प्लग इथे फुल थ्रॉटलला मिसफायर व्हायला लागतो. पुष्कळदा इलाज काय, तर फीलर गेज घेऊन गॅप जरासा कमी करायचा. नव्या टर्बोची किंमत मी इथे लिहीत नाही, तुम्हाला अजून मेसला जायचंय.

गंमत म्हणजे गाडी स्वतः सगळं सांगत असते. पण स्कॅनर लावून कोड वाचणं म्हणजे निदान नव्हे. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया आहे हे नाही. लॉग घ्यावा लागतो. एकच गिअर, समजा तिसरा, फुल थ्रॉटल, खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत, आणि तोही डायनोवर. (एक्सप्रेसवेवर नको, प्लीज.) मग बघा: ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट यांत फरक आहे का? बूस्ट पुरेसा असून इग्निशन टायमिंग मागे खेचलं जातंय का? मिक्श्चर लीन होतंय का? तसं असेल तर आधी पाय काढा, चर्चा नंतर. आणि आरपीएम चढतोय पण त्या प्रमाणात स्पीड चढत नाही, तर इंजिनला कशाला बदनाम करता, क्लच स्लिप होतोय.

माझा लाडका दोष म्हणजे बूस्ट लीक. इंटरकूलरच्या होजला बारीक चीर असते. आयडलला तिथे बूस्टच नसतो, त्यामुळे गाडी अगदी शहाण्यासारखी उभी. दाब आला की चीर उघडते. मास एअर फ्लो सेन्सरवाल्या गाडीत हवा आधीच मोजलेली असते, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल टाकतो आणि हवा मात्र वाटेतच पळालेली. मेसच्या रजिस्टरवर शंभर जण, जेवायला ऐंशी, भात उरणारच! मिक्श्चर रिच होतं, कधी मागून काळा धूर येतो, आणि गर्दी म्हणते "इंजेक्टर बदलून बघू". शोधायचं कसं? इनटेकचं तोंड टोपीने बंद करा, कॉम्प्रेसरने बेताची हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतील तिथे बोट ठेवा. सायकलच्या पंक्चरवाल्याला ही विद्या आपल्या आधीपासून येते.

टायमिंग मागे जात असेल तर नॉकिंगचा संशय घ्यायचा, म्हणजे पेट्रोल किंवा उष्णता. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आलं. टाकी जवळजवळ रिकामी करून ते भरा, पुन्हा लॉग घ्या. टायमिंग परत आलं तर उत्तर मिळालं. पण नॉकिंग नव्हतंच, तर महाग पेट्रोल ओतून पॉवर वाढेल ही भाबडी आशा सोडा. पहिला रन झकास आणि तिसरा मेलेला, तर इंटरकूलर तापलाय. अजून एक: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी. तोच अॅब्सोल्यूट दाब गाठायला टर्बोला इथे जास्त राबावं लागतं, हवा जास्त तापते. तेव्हा मुंबईचा आकडा आणि पुण्याचा आकडा करेक्शन न बघता शेजारी ठेवून भांडू नये.

आता थोडं आपल्या लॅबबद्दल. (स्टाफने रागावू नये!) मॉर्स टेस्ट आपण सगळ्यांनी केली आहे, म्हणजे सीनिअरच्या जर्नलवरून रीडिंग्ज उतरवली आहेत. एकेक सिलिंडर बंद करायचा आणि पॉवर किती पडते ते बघायचं. हे खरं तर निदानच आहे! गॅरेजमधला मेकॅनिक एकेका कॉइलचा कनेक्टर काढून इंजिनचा आवाज ऐकतो, तो तेच करतो. फरक इतकाच की त्याला उत्तर माहीत नसतं आणि आपल्याला जर्नल उघडायच्या आधीच माहीत असतं. उत्तर ठाऊक असलेल्या प्रॅक्टिकलमधून "बदलून बघू"वाले इंजिनिअरच तयार होणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डिपार्टमेंटने एखादं जुनं टर्बो इंजिन मिळवावं, सरांनी आदल्या दिवशी गुपचूप एक क्लॅम्प सैल करून ठेवावा, किंवा एखाद्या प्लगचा गॅप वाढवावा, आणि आम्हाला दोन तास द्यावेत. कुठल्याही पार्टला हात लावण्याआधी संशय कशावर आणि का ते कागदावर लिहायचं. मार्क त्या कागदाला.

साबण मी आणते.